शिबिरानंतरची नोंद : स्तन-कर्करोगाच्या तपासणीत प्रत्येक स्त्रीचा शेवटपर्यंत पाठपुरावा कसा करावा

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील गावांमध्ये महिला मंडळांच्या मदतीने स्तन-तपासणीची शिबिरे घेणाऱ्या एका डॉक्टर भगिनींचा प्रश्न असा आहे : शिबिरात किती जणी तपासल्या आणि किती जणींना पुढे पाठवले हे आकडे हाताशी आहेत, परंतु पाठवलेल्या स्त्रिया कुठे गेल्या, कोणाला कर्करोग निघाला आणि कोणाचे उपचार पूर्ण झाले हे कळत नाही. ते कळण्यासाठी कोणत्या नोंदी ठेवाव्यात, आणि शिबिरांचा खरोखर उपयोग होत आहे की नाही हे कशावरून ठरवावे?

माझे पहिले आणि सर्वांत ठाम म्हणणे असे आहे की ही नोंदवही रुग्णालयाची असून भागणार नाही, ती गावाची असली पाहिजे. एकच संस्था तपासणी, निदान आणि उपचार करत असेल तर तिच्या कागदपत्रांवरून रुग्णाचा पुढचा प्रवास बऱ्यापैकी समजतो. आपल्या सीमाभागात तसे घडत नाही. जांबोटी-कणकुंबीकडची स्त्री चोर्ला घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाते, निपाणीची कोल्हापूर किंवा मिरजेला जाते, बेळगाव शहराच्या आसपासची बिम्स या सरकारी किंवा केएलईच्या खासगी रुग्णालयात दाखवते, कोणी हुबळीला जाते, आणि जिचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे ती थेट टाटा रुग्णालय गाठते. पुष्कळदा एकाच स्त्रीची सोनोग्राफी एका गावात, बायोप्सी दुसऱ्या आणि शस्त्रक्रिया तिसऱ्या राज्यात झालेली असते. यातील प्रत्येक रुग्णालयाला तिच्या आजाराचा एकेक तुकडाच दिसतो. तिचे सगळे कागद ज्या पिशवीत असतात ती पिशवी तिच्या घरी असते, आणि म्हणून शेवटपर्यंतची नोंद ठेवू शकेल अशी जागा गावच आहे.

शिबिराच्या अहवालात सहसा तीन आकडे असतात : तपासलेल्या, संशयित आणि पुढे पाठवलेल्या. हे तिन्ही आकडे शिबिर संपते त्याच संध्याकाळी तयार होतात, आणि नेमके म्हणूनच त्यांच्यावरून परिणामाविषयी काहीही सांगता येत नाही. पुढे काय वाढून ठेवले असते याची कल्पना येण्यासाठी केरळमधील तिरुवनंतपुरमच्या अभ्यासाचे आकडे लक्षात ठेवावेत. तेथे ३० ते ६९ वयोगटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने स्तन-तपासणी केली आणि २०११ मध्ये प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५०,३६६ स्त्रियांच्या तपासणीत २,८८० जणींमध्ये संशयास्पद काही आढळले आणि त्यांपैकी ३० जणींना कर्करोग निघाला. म्हणजे हजार स्त्रियांमागे सुमारे सत्तावन्न जणींना पुढे पाठवावे लागते आणि एवढ्यांतून जेमतेम एखादीला कर्करोग असतो. उरलेल्या छपन्न जणींना साधी गाठ, पाण्याची गाठ, पाळीशी निगडित सूज किंवा काहीच नसते. परंतु तसे निश्चित होईपर्यंत त्या भीतीच्या छायेत राहतात. ती भीती आपण निर्माण केलेली असते, तेव्हा ती दूर झाली की नाही हेही आपणच नोंदवले पाहिजे. जिला कर्करोग नाही तिचा शेवटही वहीत लिहिलेला हवा.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे येते. संशयित आढळलेल्या प्रत्येक स्त्रीची एक ओळ असावी आणि ती ओळ कोणत्या ना कोणत्या अंतिम निष्कर्षापर्यंत पोहोचल्याशिवाय बंद मानू नये. माझ्या मते हे निष्कर्ष मोजकेच आहेत : तपासण्या पूर्ण होऊन कर्करोग नाही असे ठरले, कर्करोग ठरला आणि उपचार सुरू झाले, कर्करोग ठरला पण उपचार घेतले नाहीत, तपासणीस नकार दिला, गाव सोडले, मृत्यू झाला. ‘पाठवले’, ‘सांगितले’, ‘जाते म्हणाली’ हे निष्कर्ष नव्हेत. प्रत्येक पायरीपुढे तारीख हवी, आणि तीही दिवस-महिना-वर्षासह. शिबिरात संशय आला तो दिवस, पहिली सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी झाली तो दिवस, सुईने तुकडा घेतला तो दिवस, अहवाल हाती आला तो दिवस आणि पहिला उपचार मिळाला तो दिवस, एवढ्या पाच तारखा मिळाल्या तरी उशीर नेमका कुठे होतो हे स्पष्ट दिसू लागते. बऱ्याच ठिकाणी असे आढळते की स्त्रीने वेळ लावलेला नसतो. बायोप्सीचा अहवाल घेण्यासाठी तिला पुन्हा पूर्ण दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते आणि तिथेच आठवडे निघून जातात. असे दिसले तर उपाय समुपदेशनाचा नसतो, अहवाल परस्पर मिळवण्याच्या व्यवस्थेचा असतो.

एका नोंदीविषयी विशेष सावध राहावे. ‘ऑपरेशन करून गाठ काढली’ एवढेच सांगितले जाते आणि घरचे, कार्यकर्त्या, कधी कधी डॉक्टरसुद्धा प्रकरण मिटले असे समजतात. काढलेली गाठ पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवली होती का आणि तिचा लेखी अहवाल आहे का, हे पाहिल्याशिवाय ती ओळ उघडीच ठेवावी. आधी सुईने निदान न करता गाठ थेट काढण्याची पद्धत लहान गावांत अजूनही दिसते. त्यात कर्करोग निघाला तर पहिली शस्त्रक्रिया अपुरी ठरते आणि काखेतील गाठींचा विचार झालेला नसतो. अहवाल असल्यास त्यावरील ब्लॉकचा, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्याचा, क्रमांक वहीत जरूर उतरवावा. स्त्री दुसऱ्या रुग्णालयात गेली तर त्या क्रमांकावरून मेणातील तुकडा मागवता येतो, कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्यावरच करता येतात आणि पुन्हा सुई टोचून घेण्याची वेळ तिच्यावर येत नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न आपल्याकडे वरकरणी वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. स्त्रीचे नाव रेशन कार्डावर कन्नडमध्ये एका पद्धतीने, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या पद्धतीने आणि घरी मराठीत तिसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते. माहेर चंदगड तालुक्यात असेल तर जुन्या कागदांवर माहेरचे नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचे. दिलेला मोबाइल क्रमांक बहुधा मुलाचा किंवा पुतण्याचा असतो आणि सहा महिन्यांत बदलतो. त्यामुळे नाव आणि फोन यांवर विसंबून शोध घेतला तर ओळी हरवतात किंवा एकाच स्त्रीच्या दोन ओळी होतात. तिचे नाव, पतीचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे गाव, अंदाजे जन्मवर्ष आणि घराची खूण एवढे प्रत्येकीचे लिहावे. आभा क्रमांक (केंद्र सरकारचा आरोग्य-ओळख क्रमांक) असल्यास तो घ्यावा, पण नाही म्हणून नोंद अडवू नये. दोन फोन घ्यावेत आणि त्यांपैकी एक माहेरचा असावा. आजारी पडल्यावर, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, आपल्याकडची स्त्री माहेरी किंवा बहिणीकडे राहायला जाते, आणि सासरच्या गावी ‘ती इथे नाही’ एवढेच उत्तर मिळते.

योजनांची माहिती हीदेखील पाठपुराव्याचीच नोंद आहे, कारण स्त्री कोणत्या दिशेने जाईल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र मोठ्या उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयावर दोन्ही राज्यांत झालेली राजकीय चर्चा येथे अप्रस्तुत आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कोणते कागद कोणत्या काउंटरवर चालतात हे स्त्रीला घरून निघण्यापूर्वी माहीत असावे. कागद अपुरे म्हणून परत आलेली स्त्री बहुधा दुसऱ्यांदा निघत नाही. म्हणून ‘गेली नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘गेली, कागदावरून परतली’ असा स्वतंत्र शेरा ठेवावा. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

हा पाठपुरावा करणार कोण? आशा कार्यकर्ती गावातली असते, तिला घरे माहीत असतात, आणि ती असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका ओळखण्याची प्रश्नावली) भरताना तीस वर्षांवरील स्त्रियांना स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का, हे प्रश्न विचारतेच. त्यामुळे आपली वही तिच्या कामाला जोडून घ्यावी, वेगळे ओझे म्हणून लादू नये, आणि होणाऱ्या फेऱ्यांचा मोबदला द्यावा. पहिली भेट शिबिरानंतर सातव्या ते दहाव्या दिवशी व्हावी. त्यापुढच्या भेटी ठरवताना शेतीचे दिवस विसरू नयेत. आषाढ-श्रावणात खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत भातलावणी चालू असते, ओढे-नाले भरून रस्ते बंद होतात. त्या आधीच्या महिन्यात शिबिर घेतले तर संशयित स्त्रियांचे दोन महिने हातचे जातात, हे आधीच गृहीत धरावे. चिकोडी-अथणी-रायबाग भागात उसाच्या तोडणीचा, आणि सर्वत्र जत्रा-यात्रांचा असाच परिणाम होतो. मी स्वतः दिवाळीनंतरचे आणि फाल्गुनाआधीचे दिवस शिबिरांसाठी पसंत करते, कारण पुढच्या तपासण्यांना सलग वेळ मिळतो.

न जाण्याचे कारण लिहिताना कार्यकर्तीने स्वतःचा निष्कर्ष लिहू नये, स्त्रीचे शब्द लिहावेत. ‘जागृती नाही’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘सोबत यायला कोणी नाही’, ‘थोरलीचं लग्न झालं की बघू’, ‘झाडपाल्याचं औषध चालू आहे, गाठ मऊ पडली’, ‘पुरुष डॉक्टर असतील’ ही उत्तरे जशीच्या तशी टिपली तर शे-दोनशे ओळींनंतर काय करायला हवे हे आपोआप समजते. झाडपाल्याचे औषध घेणाऱ्या स्त्रीला रागावले तर ती पुढच्या वेळी ते सांगणार नाही आणि भेटणारही नाही. औषध घेत असतानाच तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा.

आता जरा अप्रिय वाटेल असा भाग. ज्या स्त्रियांना शिबिरात ‘काही नाही’ असे सांगितले त्यांच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही. तिरुवनंतपुरमच्या याच अभ्यासात हाताच्या तपासणीची संवेदनशीलता ५१.७ टक्के आली. याचा अर्थ जेवढे कर्करोग तपासणीत सापडले जवळजवळ तेवढेच निर्दोष ठरवलेल्या स्त्रियांमध्ये पुढे निघाले. प्रशिक्षित आणि सतत देखरेखीखाली असलेल्या कार्यकर्त्यांचे हे प्रमाण आहे; घाईच्या शिबिरात ते अधिक चांगले असेल असे मानण्यास कोणताही आधार नाही. म्हणून निर्दोष ठरलेल्यांचीही यादी जपावी आणि वर्षातून एकदा गावात नव्याने कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांची नावे त्या यादीशी ताडून पाहावीत. एखादे नाव जुळले तर ती स्त्री कोणी तपासली, केव्हा तपासली, त्या दिवशी किती जणी तपासल्या गेल्या, हे पाहावे. एका दिवसात एका तपासनीस भगिनीने किती स्त्रिया तपासाव्यात यावर मर्यादा घालण्याचा आधार इथून मिळतो. आणि निर्दोष ठरलेल्या प्रत्येक स्त्रीला शिबिरातून जाताना एक वाक्य स्पष्ट शब्दांत सांगावे : आज काही आढळले नाही, पण पुढे गाठ किंवा बदल जाणवला तर शिबिरात बरे सांगितले होते म्हणून थांबू नका.

उपयोग होतो का, या प्रश्नाकडे वळताना सर्वप्रथम एका मोहापासून दूर राहावे लागते. शिबिरात सापडलेल्या रुग्ण निदानानंतर जास्त वर्षे जगतात, एवढ्यावरून शिबिराने आयुष्य वाढवले असे सिद्ध होत नाही. समजा एका स्त्रीला २०२२ मध्ये स्वतःहून गाठ जाणवली असती आणि २०२६ मध्ये तिचा मृत्यू झाला असता. तिची गाठ शिबिरात २०२० मध्येच सापडली पण मृत्यू २०२६ मध्येच झाला, तर कागदावर निदानानंतरचे आयुष्य चारऐवजी सहा वर्षे दिसते. प्रत्यक्षात तिला एक दिवसही अधिक मिळालेला नाही, उलट दोन वर्षे आजाराच्या जाणिवेत जास्त गेली. शिवाय सावकाश वाढणाऱ्या गाठी शिबिरात सापडण्याची शक्यता मुळातच अधिक असते. त्यामुळे उपयोगाचा खरा निकष संपूर्ण लोकसंख्येतील स्तन-कर्करोगाच्या मृत्यूंचे प्रमाण हा आहे, आणि तो मोजण्यास मोठी लोकसंख्या आणि दीर्घ काळ लागतो.

तो किती लागतो हे टाटा मेमोरियल केंद्राने मुंबईत केलेल्या अभ्यासावरून कळते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या, निम्म्या भागांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झाली, आणि वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे उशिराच्या, टप्प्यात सापडणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट १५ टक्के दिसली, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या ती निर्णायक नव्हती. पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या वहीसाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, प्रत्येक आकडा पन्नाशीच्या आतील आणि पुढील असा वेगळा ठेवावा. आपल्या शिबिरांना तिशी-चाळिशीतील स्त्रिया उत्साहाने येतात आणि जिला सर्वाधिक फायदा होण्याची शक्यता आहे ती पंचावन्न-साठीची सासू घर राखायला मागे राहते. वयाचा रकाना पाहिला की हे लगेच लक्षात येते. दुसरी गोष्ट अशी की मृत्यूदर आपल्याला मोजता आला नाही तरी निदानाच्या वेळचा टप्पा आणि गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये आपण निश्चित मोजू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तन-कर्करोग उपक्रमाने तीन लक्ष्ये दिली आहेत आणि ती आपल्या कामाला सरळ लागू पडतात : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे, आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. साठ दिवस मोजताना शिबिराचा दिवस हा पहिला दिवस धरावा, मोठ्या रुग्णालयात पोहोचल्याचा दिवस नव्हे. ‘उपचार पूर्ण’ या रकान्याबाबत मी फार काटेकोर आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन झाले की घरचे उपचार संपले म्हणतात. परंतु ज्या रुग्णांची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असते त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यायची असते. ही गोळी महाग नाही, तरी ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुपचूप बंद पडते : अंगातून वाफा येतात म्हणून, पाळी बिघडली म्हणून, किंवा आता बरे वाटते म्हणून. तेव्हा अशा रुग्णाची ओळ पाच वर्षे उघडी राहिली पाहिजे आणि आशाताईंनी दर तीन महिन्यांनी गोळीचे पाकीट पाहून शेरा लिहिला पाहिजे. एवढ्या साध्या कामाने जेवढे मृत्यू टळू शकतात तेवढे आणखी एक शिबिर घेऊन टळतील असे मला वाटत नाही.

आकड्यांच्या मांडणीबाबत थोडेच सांगते. दोन वर्षांत आपल्याकडे आठ-दहा कर्करोग सापडतील. त्यांची टक्केवारी काढू नये, संख्या लिहाव्यात. ‘दहापैकी सहा’ हे प्रामाणिक आहे, ‘६० टक्के’ हे दिशाभूल करणारे. शेजारच्या तालुक्यातील गट त्याच रकान्यांची वही ठेवत असतील तर आकडे एकत्र करून वाचावेत. बार्शीला १९८७ पासून चालू असलेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने हे दाखवून दिले आहे की रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरले तर ग्रामीण भागातही विश्वासार्ह नोंद होऊ शकते.

वही कोणाच्या हातात राहते यालाही तितकेच महत्त्व आहे. लहान गावात आईला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले तर मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांवर परिणाम होतो, हे आपण सर्वजण जाणतो. शिबिराच्या वेळीच लेखी संमती घ्यावी, ती स्त्रीला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठी घरात मराठीत आणि कन्नड घरात कन्नडमध्ये असावी, आणि घरी भेट दिलेली चालेल का, फोन केलेला चालेल का, घरातील कोणाला सांगितलेले चालेल, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. संशयितांची नावे व्हॉट्सॲप गटावर कदापि टाकू नयेत. आशाताईंना फक्त त्यांच्या गावातील ओळी दिसाव्यात, आणि घरी जाताना त्यांनी रक्तदाब किंवा साखरेच्या तपासणीच्या निमित्ताने जावे, म्हणजे शेजारी चौकशी करत नाहीत.

आता सुरुवात कुठून करावी. माझा सल्ला असा की पुढचे शिबिर थोडे लांबणीवर टाकावे आणि झालेल्या शिबिरांतील संशयित स्त्रियांची यादी गावनिहाय लावून प्रत्येकीच्या घरी एकदा जाऊन यावे. कागदांच्या पिशवीतील प्रत्येक कागदाचा फोटो स्त्रीच्या परवानगीने घ्यावा, तारखा वहीत भराव्यात आणि अंतिम निष्कर्ष नसलेल्या ओळींवर खूण करावी. त्यांतही पन्नाशीपुढील स्त्रिया आणि ‘गाठ काढली’ एवढाच शेरा असलेल्या स्त्रिया आधी घ्याव्यात. नमुना प्रयोगशाळेत गेला असेल तर त्याचा ब्लॉक बहुधा अजून जपलेला असतो आणि शंका असल्यास पुन्हा वाचून घेता येतो. गेलाच नसेल तर त्या स्त्रीची नव्याने तपासणी आणि सोनोग्राफी त्याच महिन्यात करून घ्यावी, आणि तिची तारीख वहीत पहिल्या रकान्यापासून पुन्हा सुरू करावी.